कॅन्सर विभागात क्लिनिकल फार्मासिस्ट कुठे बसवायचा? खान्देशातल्या रुग्णालयांचे नेहमीचे प्रश्न

केमोच्या खुर्च्या आल्या, हूड (औषध मिसळायची बंदिस्त काचपेटी) बसला, पंप आले. मग कोणीतरी विचारतं की जे एक-दोन क्लिनिकल फार्मासिस्ट मिळालेत, त्यांना ठेवायचं कुठे? जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्हीकडून मला हा प्रश्न येतो. कधी मॅनेजमेंटकडून, कधी मेट्रन मॅडमकडून, कधी नुकत्याच पास झालेल्या पोरांकडून. खालची उत्तरं खान्देशातल्या एका डे-केअरमध्ये (सकाळी येऊन केमो घ्यायची, संध्याकाळी घरी जायचं, असा विभाग) बसून, रोजच्या फायली चाळताना तयार झाली आहेत. काही मतं ठाम आहेत. कोणाला खटकली तर भांडायला हरकत नाही.

क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणजे मेडिकलवर बसतो तोच ना?

शिक्षण फार्मसीचंच, काम वेगळं. मेडिकलवरचा माणूस चिठ्ठीत लिहिलेलं औषध बरोबर देतो. क्लिनिकल फार्मासिस्ट मुळात चिठ्ठी बरोबर आहे का ते बघतो. या बाईचं वजन किती, किडनी कशी चालते, मागच्या सायकलला, म्हणजे केमोच्या मागच्या फेरीला, काय त्रास झाला, घरून आणलेल्या पिशवीत आणखी कोणकोणत्या गोळ्या आहेत, हे सगळं समोर ठेवून.

आपल्याकडे फार्म डी हा अभ्यासक्रम २००८ मध्ये सुरू झाला. पाच वर्षं शिक्षण आणि एक वर्ष रुग्णालयात उमेदवारी. फार्मसी प्रॅक्टिसमध्ये एम फार्म केलेलेही या कामात आहेत. खान्देशात फार्मसी कॉलेजांना तोटा नाही. तरी डिग्री हातात आली म्हणून कोणी लगेच केमोच्या फाईलवर सही करू नये. सहा महिने जुन्या माणसाच्या शेजारी बसावं लागतं, आणि तेवढे महिने त्या पोराला हजेरीत धरा, मनुष्यबळात धरू नका.

खाटांच्या प्रमाणात माणसं वाटली तर काय बिघडतं?

कॅन्सरचं बरंचसं औषध खाटेवर दिलंच जात नाही. सकाळच्या एसटीने आलेला माणूस खुर्चीत बसून केमो घेतो आणि संध्याकाळच्या गाडीने घरी जातो. कितीतरी जण खुर्चीतही बसत नाहीत, गोळ्यांची पिशवी घेऊन निघतात. खाटा मोजायला बसलं की हे दोन्ही गट हिशेबातून गळतात आणि फार्मासिस्ट जातो ऑपरेशननंतरच्या वॉर्डात. तिथेही औषधं असतात, नाही कोण म्हणतं? पण तिथली चूक बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत लक्षात येते आणि निस्तरता येते. सिस्प्लॅटिनसारखं केमोचं औषध एकदा शिरेत गेलं की गेलं.

वाटणी करताना मी आधी विचारतो की इथे चूक झाली तर किती महागात पडेल, आणि आपला माणूस नसेल तर ती दुसरं कोणी पकडेल का. तिसरा प्रश्न वेळेचा, आणि तो जवळजवळ सगळेच विसरतात. सकाळी साडेनऊला मिसळलेल्या औषधाचं दुपारी दोनला राउंड घेणारा फार्मासिस्ट काय करणार? रजिस्टरमध्ये नोंद करेल, एवढंच.

आमच्याकडे एकच जण आहे. नेमकं कुठे ठेवू?

डे-केअरमध्ये, सकाळी, औषध हूडखाली जाण्याच्या आधी. बाकी काही जमलं नाही तरी चालेल.

एक फाईल उघडून दाखवतो. साठ वर्षांची बाई, वजन ३८ किलो, क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा कचरा, किडनी तो गाळते) ०.४. कार्बोप्लॅटिन या केमोच्या औषधाचा डोस किडनी किती गाळते त्यावर ठरतो. मिनिटाला किती मिलिलिटर गाळलं जातं तो आकडा घ्यायचा, त्यात २५ मिळवायचे आणि ठरवलेल्या एयूसीने (औषध अंगात एकूण किती राहावं त्याचा आकडा) गुणायचं. हे कॅल्व्हर्टचं सूत्र. आता क्रिएटिनिन ०.४ तसंच धरलं तर गाळण्याचा आकडा ९० च्या आसपास येतो आणि एयूसी ५ असेल तर डोस होतो ५७५ मिलिग्रॅम. कागदावर किडनी तरण्या पोरीसारखी! प्रत्यक्षात बाईच्या अंगावर मांस उरलेलं नाही, म्हणून क्रिएटिनिन कमी दिसतंय. बऱ्याच ठिकाणी अशा वेळी किमान ०.७ धरतात. तसं धरलं तर गाळणं ५१ वर येतं आणि डोस ३८० वर. बाई तीच, सकाळ तीच, फरक जवळजवळ दोनशे मिलिग्रॅमचा. दोन-तीन आठवड्यांनी तिच्या प्लेटलेट किती खाली जातील ते यावर ठरणार.

कोणता आकडा धरायचा ते ऑन्कॉलॉजिस्टनी, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांनी, ठरवावं आणि विभागात एकदाच लिहून ठेवावं. पण "मॅडम, हिचं ०.४ आहे" असं म्हणणारं कोणीतरी सकाळी तिथे हवं. कॉम्प्युटर म्हणत नाही. जो आकडा भराल तो बिचारा निमूट गुणतो.

वजनाचं तसंच. मागच्या सायकलचं वजन उचलून पुढच्या कागदावर टाकायची सवय सगळीकडे आहे. तोंडाच्या कॅन्सरच्या माणसाला गिळवत नाही, रेडिएशन चालू असताना पाच-सहा किलो कधी उतरले ते घरच्यांनाही कळत नाही. म्हणून काट्यावर उभं केल्याशिवाय फाईल पुढे सरकू द्यायची नाही. चपला काढून. थंडीत शाल आणि स्वेटरही काढून, मग आक्का कितीही रागावल्या तरी.

दुसरा माणूस मिळाला तर वॉर्डात पाठवू का?

नको. गोळ्यांच्या ओपीडीत बसवा. या सल्ल्यावर मला सगळ्यात जास्त विरोध होतो, कारण गोळी म्हटलं की लोकांना ती सलाईनपेक्षा सौम्य वाटते. सलाईन देताना दोन सिस्टर शेजारी उभ्या असतात. गोळी घेताना शेजारी कोण असतं? घरची सून, नाहीतर कोणीच नाही.

आपल्या भागात गुटखा, तंबाखू आणि मिसरीने दिलेले तोंडाचे कॅन्सर भरपूर. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, ती टपरीवर किती दिसते ते तुम्हीच बघा. आजार पुढे गेला असेल तर मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा आणि सेलेकॉक्सिब रोज दोनदा, असा स्वस्त गोळ्यांचा उपचार देतात. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी त्याची सिस्प्लॅटिनशी तुलना केली आणि २०२० मध्ये निकाल छापून आले, त्यात गोळ्या सरस ठरल्या. खेड्यातल्या माणसाला हे मोठंच वरदान आहे. पण यातली मेथोट्रेक्सेट रोज घेतली गेली तर माणूस दगावू शकतो.

आमच्या खिडकीवर एकदा एक नाना आले. डोस २० मिलिग्रॅम, म्हणजे अडीच मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, आठवड्यातून एकदा. पाकीट हातात घेऊन त्यांनी शांतपणे विचारलं, "भाऊ, ह्या आठी गोया रोज लेवान्या का?" म्हणजे या आठही गोळ्या रोज घ्यायच्या का? त्यांनी विचारलं म्हणून कळलं. जे विचारत नाहीत त्यांचं काय? तोंड सोलून निघतं, काउंट (रक्तपेशींची संख्या) पडतात, आणि घरचे म्हणतात की कॅन्सरच वाढला. मुळात तोंडाचाच कॅन्सर, तेव्हा तोंडातल्या फोडांचं कोणाला नवल वाटत नाही. म्हणून ही चूक लपून राहते.

तेव्हापासून मी वार सांगत बसत नाही. "तुमच्या गावचा बाजार कधी भरतो?" एवढं विचारतो. बाजाराच्या दिवशी बाजारच्या गोळ्या. आठवड्याच्या आठ गोळ्यांची एकच पुडी, वरती पिशवीचं चित्र. चार आठवड्यांच्या चार पुड्या. सेलेकॉक्सिबचं पाकीट वेगळं आणि वेगळ्या रंगाच्या कागदात. हे समजावायला एका माणसामागे वीस मिनिटं जातात. ती वीस मिनिटं कुठल्याच खाटेच्या हिशेबात बसत नाहीत.

बाकीच्या गोळ्यांनाही आपापले नखरे आहेत. कॅपेसिटाबिन जेवणानंतर अर्ध्या तासात, बहुधा १४ दिवस घेऊन ७ दिवस बंद. इमॅटिनिब जेवणासोबत, मोठा पेलाभर पाण्याबरोबर. अबिराटेरोन उपाशीपोटी. आणि ज्याला त्याला मिळणारी ॲसिडिटीची कॅप्सूल एर्लोटिनिब किंवा डासाटिनिबसोबत गेली की हजारोंच्या गोळीतलं औषध अंगी लागतच नाही.

मग तिसरा?

मिक्सिंग रूम. मिसळायचं काम शिकवलेला औषधनिर्माता करू शकतो, पण त्यावर नजर ठेवणारा एकजण लागतो. सिस्प्लॅटिन मिठाच्या सलाईनमध्ये, ऑक्झॅलिप्लॅटिन मात्र डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे साखरेच्या. नावं भावंडांसारखी आणि वागणं एकमेकांच्या उलट. पॅक्लिटॅक्सेल असेल तर ते आधी आणि प्लॅटिनम (सिस्प्लॅटिन, कार्बोप्लॅटिन) नंतर, शिवाय सेटला फिल्टर लागतो.

रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरतात त्या विनक्रिस्टिनबद्दल तडजोड नाही. हे औषध पाठीच्या कण्यात गेलं तर माणूस जवळजवळ वाचत नाही. सिरिंजमध्ये भरून वॉर्डात पाठवलं की ते पाठीत द्यायच्या मेथोट्रेक्सेटच्या सिरिंजशेजारी येऊन पडू शकतं. छोट्या सलाईनच्या पिशवीत भरून पाठवलं की ती पिशवी पाठीला लावायचं कोणाच्या मनातही येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच हे सांगितलं आहे. तुमच्याकडे आजही सिरिंज जात असेल तर माणसं वाटण्याचं नंतर बघा, आधी ते बंद करा.

रक्ताच्या कॅन्सरचे रुग्ण मोजकेच असतात. त्यांच्यासाठी वेगळा माणूस कशाला?

मोजके असतात, पण एकेक फाईल चार फायलींएवढी. मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेट चालू असेल तर तासातासाने लघवी बघा, त्याचा उतारा असलेलं ल्युकोव्होरिन घड्याळावर द्या, आणि कोणी मध्येच ॲसिडिटीचं इंजेक्शन किंवा दुखण्याची गोळी लिहिली तर ती थांबवा. बुरशीसाठी व्होरिकोनॅझोल सुरू झालं आणि विनक्रिस्टिनही चालू आहे, तर पाय लुळे पडायची आणि पोट थांबायची भीती.

आपल्या भागात यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मुंबईच्या छापील प्रोटोकॉलात ठळक अक्षरात नसते. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल आढळतो, जी-६-पीडीची (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) कमतरताही आढळते. गाठ झपाट्याने विरघळून युरिक ॲसिड वाढलं की रॅसब्युरिकेज देतात. जी-६-पीडी कमी असलेल्या माणसाला ते देऊ नये, रक्तपेशी फुटतात. काउंट वाढवायचं फिलग्रास्टिम सिकलसेलच्या रुग्णाला दिलं तर जिवावरचा क्रायसिस (दुखण्याचा तीव्र झटका) येऊ शकतो. सातपुड्यातल्या धडगावहून आलेल्या पोराच्या फाईलवर पहिल्या दिवशीच हे दोन रिपोर्ट लागले पाहिजेत. रात्री अकराला रॅसब्युरिकेज हवं असताना जी-६-पीडीचा रिपोर्ट मिळत नाही. ते आधी सुचवायला फार्मासिस्ट हवा.

सिकलसेलची ओपीडीही कॅन्सरच्या फार्मासिस्टकडे द्यावी का?

नंदुरबारमध्ये असाल तर माझं उत्तर हो, आठवड्यातून अर्धा दिवस. हायड्रॉक्सीयुरिया तीच, कॅन्सर विभागात वर्षानुवर्षं वापरली जाणारी. कोणीतरी शिकलेला नातेवाईक मोबाईलवर नाव शोधतो, "अरे ही तर कॅन्सरची गोळी" म्हणतो, आणि पोराची गोळी बंद होते. महिन्याने दुखणं उठतं. हे आधीच सांगणारं कोणी असेल तर पुढचं टळतं. काउंट बघत राहणं आणि लग्न झालेल्या मुलींना गरोदरपणाबद्दल सांगणं, हेही त्याच खुर्चीवरून होतं.

किती माणसं लागतील याचं काही सूत्र?

तयार आकडा मागू नका, घड्याळ घेऊन बसा. एक आठवडा प्रत्येक फाईलला किती मिनिटं गेली ते लिहा. पहिली सायकल, औषध बदललेली सायकल आणि पुढच्या नेहमीच्या सायकली वेगवेगळ्या मोजा.

उदाहरणापुरतं धरू. दिवसाला २४ रुग्ण, त्यातले ६ नवे किंवा औषध बदललेले. नव्याला ३० मिनिटं, जुन्याला १२. म्हणजे १८० अधिक २१६, एकूण ३९६ मिनिटं, साडेसहा तासांच्या वर. यात एकही फोन नाही, चहा नाही, "जरा इकडे या ना सर" नाही. एक अख्खा माणूस इथेच संपला. आणि डे-केअर वर्षाला ३०० दिवस चालत असेल तर रजा, आजारपण, ट्रेनिंग जाऊन माणूस हाताला येतो २५० दिवस. म्हणजे एका खुर्चीला जवळजवळ सव्वा माणूस लागतो. पाव माणूस मंजूर होत नाही, म्हणून तो पाव आधीच शोधून ठेवायचा: गोळ्यांच्या ओपीडीतल्याला डे-केअरचं काम शिकवायचं, डे-केअरवाल्याला मिक्सिंगचं. एकाच माणसाला एकच खुर्ची येत असेल तर त्याच्या भावाच्या लग्नाच्या आठवड्यात तुमचा विभाग आंधळा.

आता जिल्ह्याजिल्ह्यात डे-केअर केंद्रं होणार म्हणतात. तिथे माणसं कुठून?

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सर डे-केअर केंद्रं काढायची घोषणा झाली, पैकी २०० पहिल्याच वर्षी. केंद्रं चांगलीच आहेत. नंदुरबारच्या माणसाचा सुरतेचा, नाशिकचा हेलपाटा वाचेल.

पण एक फार्मासिस्ट सोमवारी जळगाव, मंगळवारी धुळे, बुधवारी नंदुरबार असा फिरवायची कल्पना कोणी मांडली तर हात जोडा. जळगाव ते धुळे ९०-१०० किलोमीटर, धुळे ते नंदुरबार जवळपास तेवढेच. माणूस गाडीतच म्हातारा होईल. त्यापेक्षा कामाचे तुकडे करा. फाईल तपासणं लांबून होतं: वजन, रिपोर्ट आणि चार्टचे फोटो आदल्या संध्याकाळी मोठ्या केंद्रावर आले की तिथला अनुभवी माणूस सकाळी आठपर्यंत हो-नाही कळवू शकतो. मिसळणं लांबून होत नाही. गोळ्या समजावणं फोनवर निम्मंच होतं, कारण पिशवीतल्या बाकीच्या गोळ्या दिसत नाहीत. म्हणून छोट्या केंद्रावर नवखा का होईना, पण जागेवरचा माणूस द्या आणि अनुभवी माणूस त्याच्या फोनच्या पलीकडे ठेवा. सोपे, ठरलेले प्रोटोकॉल तिकडे पाठवा. मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेट पाठवू नका.

उपचार मुंबईत सुरू झाला आणि पुढच्या सायकली आमच्याकडे. यात फार्मासिस्टचं काय?

जोडकाम. आपल्याकडे अर्धेअधिक असेच येतात, कोणी टाटाहून, कोणी ताप्ती लाईनने सुरतेहून. हातात प्लास्टिकची पिशवी आणि तीत तीन रुग्णालयांचे कागद. डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाचा आयुष्यभराचा हिशेब ठेवावा लागतो, ४५० ते ५५० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटरच्या पुढे हृदयाला धोका झपाट्याने वाढतो. चार वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरसाठी चार सायकली झाल्या असतील तर नेहमीच्या डोसने २४० तिथेच खर्च झाले. तो जुना कागद शोधणं, नसेल तर तिकडे फोन लावून आकडा मिळवणं, हे काम कोणाचं? कोणाच्याच नावावर नसेल तर ते होत नाही. फार्मासिस्टच्या नावावर लिहा.

उन्हाळ्यात वाटणी बदलावी का?

थोडी. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावकडे पारा ४५ ला टेकतो. फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची इंजेक्शनं लोक बाहेरच्या मेडिकलवरून बर्फाच्या पिशवीत आणतात, आणि बर्फ चौकात येईपर्यंतच पाणी झालेला असतो. काही जण उलट बर्फावरच ठेवून औषध गोठवतात, तेही वाया. त्या दोन महिन्यांत डे-केअरच्या दारात औषध हातात घेऊन तपासणारा माणूस हवा.

सिस्प्लॅटिन घेऊन दुपारच्या एसटीत बसलेला माणूस उलट्या आणि घाम यांनी सुकला तर किडनी जाऊ शकते. त्याला सकाळची पहिली खुर्ची द्या, म्हणजे सलाईन पूर्ण होऊन तो ऊन उतरल्यावर निघेल. आणि ऑक्झॅलिप्लॅटिनवाल्याची तर चेष्टाच: बाहेर ऊन आग ओकतंय आणि त्याला पुढचे काही दिवस बर्फाचं पाणी चालत नाही, माठाचंही झोंबतं. घशात काटे टोचल्यासारखं होतं, श्वास अडकल्याचा भास होतो. आधी सांगितलं नसेल तर माणूस घाबरून पुढची सायकलच सोडतो.

डॉक्टर ऐकतील का?

पहिल्या महिन्यात नाही. मी पूर्वी एका ठिकाणी होतो तिथे राउंडवर मला दाराबाहेर उभं राहायला सांगितलं होतं. बोलायचं ते पुराव्यानिशी आणि औषध मिसळायच्या आधी बोलायचं, नंतर चारचौघांत नाही. एका बरोबर पकडलेल्या डोसनंतर दार आपोआप उघडतं. काय सुचवलं आणि त्याचं काय झालं, हे रोज एका ओळीत लिहून ठेवा. पुढची पोस्ट मागताना तीच वही कामाला येते.

सिस्टरांना वाटतं त्यांचं काम काढून घेतोय.

त्यांनाच विचारा, कुठलं काम जायला हवंय. बऱ्याच ठिकाणी त्यांना अजूनही उघड्यावर केमो मिसळावी लागते.

फार्मासिस्ट रिकामा दिसतो. स्टोअरचं इंडेंट (मालाची मागणी लिहिणं) त्याच्याकडे दिलं तर?

हा प्रश्न वाचून माझा रक्तदाब वाढतो. एका रुग्णालयात हेच झालं. आधी "फक्त महिनाअखेरीला", मग एक्स्पायरी तपासणी, मग योजनेचे क्लेम, आणि वर्षभरात कॅन्सरचा क्लिनिकल फार्मासिस्ट ग्लोव्हजच्या खोक्यांत हरवला. कागदावर पोस्ट भरलेली, म्हणून दुसरी मिळायचीही सोय नाही. फाईल वाचत बसलेला माणूस लांबून रिकामाच दिसतो. नेमणूक करताना सकाळी आठ ते बारा डे-केअर सोडायचं नाही, हे आदेशातच लिहून घ्या.

पगार कुठून काढायचा?

महात्मा फुले योजनेच्या पॅकेजमध्ये केमो आहे, फार्मासिस्टसाठी वेगळी रक्कम नाही, तेव्हा तो खर्च रुग्णालयालाच उचलावा लागतो. व्यवस्थापनाला आकडे हवे असतात, तर हा घ्या. स्तनाच्या कॅन्सरमध्ये वापरतात त्या ट्रॅस्टुझुमॅबची ४४० मिलिग्रॅमची व्हायल, म्हणजे इंजेक्शनची बाटली. ३६ किलोच्या बाईला किलोला ६ प्रमाणे २१६ मिलिग्रॅम लागतात. अशा दोघी एकाच दिवशी बोलावल्या तर ४३२, एक व्हायल. वेगवेगळ्या आठवड्यांत आल्या आणि उरलेलं नीट ठेवलं नाही तर दोन व्हायली. सोबत येणाऱ्या खास पाण्याने मिसळली तर ती फ्रिजमध्ये २८ दिवस टिकते, हे माहीत नसल्याने कितीतरी औषध बेसिनमध्ये जातं. खरेदीतही मार्ग आहेत: २०१९ मध्ये ४२ कॅन्सर औषधांवरच्या नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा लागली, नॅशनल कॅन्सर ग्रिड हे कॅन्सर रुग्णालयांचं देशभरचं जाळं सभासद रुग्णालयांसाठी एकत्रित भाव ठरवते.

फक्त बचतीवर पोस्ट मागू नका एवढंच सांगेन. पुढच्या वर्षी बचत कमी दिसली की पोस्टही जाते.

लहान मुलं आणि पॅलिएटिव्ह, म्हणजे दुखणं हलकं करायचे उपचार?

लहान मुलं रुग्ण असतील तर ती रक्ताचा कॅन्सर बघणाऱ्या फार्मासिस्टकडेच द्या, दशांशचिन्ह एक घर सरकलं तर काय होतं ते तो जाणतो. पॅलिएटिव्हला आठवड्यातून दोन दुपारी पुरतात: मॉर्फिन मिळतंय ना, आणि त्यासोबत पोट साफ व्हायचं औषध लिहिलंय ना.

रात्री ताप आला तर फोन कोणी उचलायचा?

केमोनंतर १००.४ फॅरनहाईटच्या पुढे ताप म्हणजे थांबायची वेळ नाही. काउंट पडलेले असतील तर रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात ॲन्टिबायोटिक सुरू व्हायला हवं. घरी क्रोसिन घेऊन ताप दाबला की सकाळपर्यंत उशीर झालेला असतो. रात्रीचा फोन ड्यूटीच्या डॉक्टरकडेच हवा, फार्मासिस्टला चोवीस तास जुंपू नका. फार्मासिस्टचं काम दिवसाचं: रुग्ण घरी जायच्या आधी कार्ड भरणं. कोणती केमो, कधी दिली, काउंट साधारण कधी पडतील, कशाची ॲलर्जी आहे आणि ताप आल्यास कुठलं इंजेक्शन सुरू करायचं, हे डॉक्टरांच्या सहीने.

पूर्वी कार्डावर फक्त आमचा नंबर असायचा. मग सातपुड्यात अक्राणीच्या पाड्यावरच्या एका भावाने सांगितलं की त्यांच्याकडे फोनला रेंज टेकडीवर चढल्यावरच येते, आणि रात्री बायकोला तापात सोडून टेकडीवर कोण जाणार? आता कार्डाच्या मागच्या बाजूला त्याच्या सगळ्यात जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचं नाव असतं आणि तिथल्या डॉक्टरसाठी चार ओळी. ते नाव रुग्णाला विचारूनच लिहायचं. नकाशावर जवळ दिसतं ते पावसाळ्यात नदीपलीकडे असतं.